तुझ्या पानावरचा पेला

बाबा, तुझा पणतू खरं बोलला, त्यापायी स्वतःचं नुकसान करून बसला, आणि मी कालपासून खुळ्यासारखी हसतेय. सून म्हणते, आईंना काय झालंय कळत नाही, पोरगं अजून आत आणि ह्या हसतात. तिचंही खरं आहे. पण हसता हसता पदर डोळ्याला जातो तो तिला दिसत नाही, कारण तेव्हा ती कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. कुणाला तरी सांगायला पाहिजे ना. मुलाला सांगायला जावं तर तो कानाला फोन लावून येरझाऱ्या घालतो. शेजारची गुजराथीण मनाने चांगली आहे, पण आपल्यात पितरांच्या पानावर दारू ठेवतात हे तिला कसं समजावू, ती घरात कांदासुद्धा आणत नाही. शेवटी म्हटलं, ज्याच्या पानावर ठेवली त्यालाच सांगावं. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. तिसरीतून तूच काढलंस, मिठागरावर भाकरी पोचवायला माणूस नव्हतं म्हणून. अक्षर वाकडं येतं, ओळ चढावर जाते, वाचून घे. आणि मी तुला तू म्हणते तर मुलगा हसतो, म्हणतो, अगं आजोबांना तू काय, अहो म्हण. हल्ली पनवेलमधली माणसं बापाला अहो-जाहो करतात. आपल्यात बापाला तूच म्हणतात. देवाला पण तूच म्हणतात, तो कुठे रागावतो.

तुझं मिठागर आता नाही. भराव पडला, त्याच्यावर रस्ते झाले, इमारती झाल्या. तसल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि वारा खाडीकडून सुटला की मला अजून त्या चिखलाचा वास येतो. मुलगा म्हणतो गटाराचा येतो. असेल. तर त्या रस्त्यांवर ट्रक आले, कळंबोलीला ट्रकांचं गावच वसलं, आणि ट्रकांच्या मागे मागे काय काय आलं ते आम्हाला कळलंच नाही. मी आपली बघत होते की नातू वाळत चाललाय. सतराव्या वर्षी पोरं वाळतात, उंची काढतात, असं मनाशी म्हणायची आणि भातावर तुपाची धार सोडायची. तो भात तसाच ठेवून उठायचा. डोळे असे, की बघतोय माझ्याकडे पण मी दिसत नाही. कुणी मला सांगितलं असतं की ती पांढरी पूड असते, नाकाने ओढतात, तर मी म्हटलं असतं, जा, तपकीर असेल. तुझी आय ओढायची तसली.

मग एके दिवशी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन. तिघे जण होते. उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या काढायचे, विकायचे आणि ती पूड घ्यायचे. त्या दिवशी केबिनमध्ये ड्रायव्हर झोपलेला होता, तो उठला, झटापट झाली, आणि ह्याने त्याला ढकललं. ह्यानेच, बाबा. दुसऱ्याने ढकललं असं मी बरेच दिवस म्हणत होते, पण ह्यानेच. माणूस पायरीवरून खाली पडला, हात मोडला. आम्ही पोचलो तेव्हा हा भिंतीला टेकून खाली बसलेला आणि पाय थडथड उडत होते, हिवताप भरल्यासारखे. मी जवळ गेले तर म्हणाला, "आजी, पाणी." बस, एवढंच. पाणी दिलं तर प्यायला नाही, हातात धरून बसला.

त्यांचं कोर्ट वेगळं असतं, मला ते नवलच वाटलं. बाल न्याय मंडळ म्हणतात. पिंजरा नाही, काळा डगला नाही. टेबलाच्या पलीकडे एक मॅडम आणि दोघं समाजसेवेतली माणसं, आणि पोराला सरळ खुर्चीवर बसवतात. ड्रायव्हर आला होता, हात गळ्यात बांधलेला, दूर मुलखातला माणूस, त्याच्या शेजारी कुणी नव्हतं. मला त्याच्याकडे बघवेना. मॅडमनी सगळं वाचलं, डॉक्टरांचे कागद बघितले, आणि म्हणाल्या, ह्याने केलं ते चूकच आहे, पण हा आजारी पण आहे, आणि आजार तसाच ठेवून ह्याला नुसता बंद केला तर बाहेर येऊन तेच करेल. दोन वाटा सांगितल्या. एक, निरीक्षणगृह, म्हणजे पोरांचा तुरुंगच, जिथे बाकीचे दोघे गेले होते. दुसरी, व्यसन सोडवायचं केंद्र. सहा महिने तिथेच राहायचं, औषध, डॉक्टर, अभ्यास, कामं. पळाला किंवा काही नशा केली तर परत मंडळासमोर, आणि मग पहिली वाट.

बाहेर व्हरांड्यात मुलगा म्हणाला, "राहू दे त्याला आत. चार भिंती बघितल्या की सरळ होईल. केंद्रात पाठवून लाडच होणार."

मी म्हटलं, "तुझा आजा बघून आला ना भिंती. झाला सरळ?"

त्याला तुझं माहीत आहे, मीच सांगितलंय. पण सगळं नाही सांगितलं, तुझी लाज राखली. आता आपण दोघंच आहोत म्हणून बोलते.

तुला नेलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. दारूबंदी होती. तू हातभट्टीचे डबे होडीतून खाडीपलीकडे पोचवायचास, कुणाचे ते माझी आय कधी बोलली नाही, आणि पोचवता पोचवता त्यातली प्यायचास. ओहोटीला होडी चिखलात बसली आणि पोलिसांनी तुला बसल्या जागी धरलं. गावातली माणसं हसली, म्हणे चोर होडीतच झोपलेला. ठाण्याच्या तुरुंगात नेलंय एवढंच आयला कळलं. आय मला रोज सांगायची, बाबा मुंबईला कामाला गेलाय. मी सगळ्या वाडीला तेच सांगत सुटायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. तुला नेण्याआधी तू प्यायचास तेव्हा गायचास, मला खांद्यावर बसवून बांधावरून नाचायचास, आय शिव्या घालायची आणि हसायची पण. तिथून आलास तो गप्प होऊन आलास. पिणं तेवढंच, उलट जास्त, गाणं मात्र गेलं. तिथे तुला कुणी विचारलं का रे कधी, की बाबा, तू का पितोस? मला नाही वाटत. माझ्या आठवणीत तू ओटीवर बसलेला आहेस, पेला हातात, आणि मी समोरून जातेय, येतेय, पुन्हा जातेय, तुला दिसावं म्हणून. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले तेव्हा पण तू तिथेच बसलेला होतास. म्हणून मी त्या मॅडमना दोन्ही हात जोडून म्हटलं, केंद्रात पाठवा. मॅडम म्हणाल्या, आजी, हात जोडायची गरज नाही, आम्ही तेच ठरवतोय.

ते केंद्र गोव्याच्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी आहे. जागा छान आहे, जांभळाची झाडं आहेत, फाटकाला कुलूप असतं पण रखवालदाराकडे काठी नाही. पहिले काही दिवस भेटूच देत नाहीत. मग रविवारी. मी पहिल्या रविवारी सुकटाची चटणी नेली, पदराखाली, बरणीला वरून फडकं बांधून. पुढे गेले तर रखवालदार म्हणतो, "आजी, पदराखाली काय हाय?"

"काय नाय, पोट हाय."

"तुमच्या पोटाला सुकटाचा वास येतो की वो."

ठेवून घेतली. बाहेरचं खाणं चालत नाही, कुणी कशात काय घालून आणतं म्हणे. मी म्हटलं, माझ्या चटणीत मिरची सोडून काय नाय. तर म्हणाला, नियम सगळ्यांना. परत जाताना बरणी दिली मला, निम्मी रिकामी. त्याचं तोंड लाल झालेलं दिसत होतं.

पण त्या रविवारी आत जे झालं ते सांगताना माझा हात थांबतो. पोरगं मला बघून उठलं नाही. मग एकदम पायाला धरलं. "आजी, मना घेऊन चल. मी काय करनार नाय. मना हितं झोप नाय, आंगात किडं चालतात. तू चल बोल, मी आत्ता येतो. नायतर मी मरेन, तुझी शप्पत मरेन." घरात तो शहरातलं बोलतो, मॅम-सर करतो, आणि त्या दिवशी आपलं बोलला, माझ्याकडून ऐकलेलं, तुझं. मी काय करू? ह्या हातांनी त्याला आंघोळी घातल्या. मी फाटक उघडू शकत नव्हते, औषध देऊ शकत नव्हते, एक घास भरवायची सोय नव्हती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर तोही झटकला आणि मला अशी शिवी दिली की ती मी तुझ्या तोंडून पण कधी ऐकली नव्हती. तिथल्या ताईंनी मला बाहेर आणलं. पोरीच्या वयाची आहे ताई, केस कापलेले. मी विचारलं, ताई, मी काय करायचं? ती म्हणाली, "आजी, तुम्ही फक्त दर रविवारी यायचं आणि थांबायचं." थांबायचं! बाबा, आपल्याकडे थांबणं हे काय काम आहे? भरती आली की बांधावर धावायचं, बांध फुटला की मिळेल तो धोंडा टाकायचा, सगळं गाव छातीएवढ्या पाण्यात. हातात काही नसताना नुसतं काठावर उभं राहायचं हे मला कुणी शिकवलंच नाही.

तरी थांबले. एक बस, मग चालत. बाकावर बसायचं, परत यायचं. कधी तो यायचा, कधी येत नसे. मग एका रविवारी आला आणि माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आजी, तुझ्या केसांना वास कसला येतोय?" खोबरेल, मी म्हटलं, नेहमीचंच. "मला आज आला," म्हणाला. मला तिथेच नाचावंसं वाटलं. पावसाळ्यात तर त्याने स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला घेतल्या. माझ्यापुढे ताटात आणून ठेवली एक. कडेला चिरा, मधे जाड, एका बाजूला जळकी. मी सगळी खाल्ली, नुसती, कोरडी. तिथल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाली, संध्याकाळी सगळी पोरं गोल करून बसतात आणि दिवसभरात काय लपवलं ते ज्याचं त्याने सांगायचं. कुणी विचारायचं नाही, कुणी ओरडायचं नाही, आपलं आपण सांगायचं. मी म्हटलं, मग आमच्या घरात असा गोल केला तर भाकरी खायला कुणी उरणार नाही, सगळे सांगतच बसतील.

असे पाच महिने गेले. आणि पितरं आली.

तुला मुलगा नाही, म्हणून तू जावई घरात घेतलास आणि म्हणून तुझं पान आमच्याकडे. दोन पानं असतात. माझ्या मालकांच्या पानावर जिलबी, आणि तुझ्या पानावर वडे, मटण, सुके बोंबील आणि पेला. आयने ठेवला, आयनंतर मी ठेवला, कधी चुकला नाही. पेला तोच आहे, पितळेचा, काठ चेपलेला. मी ताईंना म्हटलं, घरातला थोरला पोरगा पान ठेवतो, एक दिवस सोडा. त्यांनी मंडळाला विचारून सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोडलं. मी तीन दिवस आधीपासून नाचत होते. मुलगा त्याला घ्यायला गेला आणि येताना दुकानातून क्वार्टर घेऊन आला, दरवर्षीसारखी. एकाच पिशवीत खोबरं, केळीची पानं आणि ती. आता विचार करते तेव्हा अंगावर काटा येतो, की घरातल्या आम्हा तिघांमधल्या एकालाही, एकालाही ती बाटली दिसली नाही. बघत होतो आम्ही, पण ती आम्हाला दारू दिसलीच नाही. ती तुझी होती. देवाच्या समईतलं तेल कुणी भजी तळायला काढतं का, तसं.

नातवाला दिसली. मला म्हणाला, "आजी, हे पण ठेवायचं?" मी म्हटलं, मग काय, तुझा पणजा शिव्या घालेल.

गच्चीवर गेलो. त्याने पानं मांडली, पेला भरला. भरताना तोंड बाजूला वळवलं, ते मी बघितलं आणि म्हटलं, ऊन डोळ्यावर येत असेल. मालकांच्या पानावर कावळा लगेच बसला, जिलबी म्हटल्यावर काय. तुझ्या पानाकडे एकही फिरकेना. पाण्याच्या टाकीवर ओळीने बसलेत, मान वाकडी करून बघतात, येत नाहीत. मुलगा म्हणाला, बाबा, पोराकडे नीट लक्ष देईन. नाही. सून म्हणाली, आजोबा, त्याला पुन्हा कॉलेजात घालू. नाही. मी म्हटलं, बाबा, बघ, पणतू सुधारला, आता काय पाहिजे तुला, ऊन किती झालंय. नाही. मग नातू पुढे गेला, पानाजवळ उकिडवा बसला, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. उठून मागे वळतो न वळतो तर कावळा खाली. थेट तुझ्या पानावर. बोंबील उचलला, पेल्याला चोच लावली, पेला कलंडला नाही पण थोडी सांडली. मी टाळ्या वाजवल्या, बाबा. गच्चीवर, एवढी म्हातारी.

आणि मग मी ते केलं. दरवर्षी करतो तेच. पान ठेवणाऱ्याने पेल्यातला घोट तीर्थासारखा घ्यायचा, मग बाकीच्यांनी जेवायचं. मी पेला उचलला आणि म्हटलं, हात पुढे कर.

तो म्हणाला, "आजी, मला नाही चालत."

"अरं, ही दारू नाय. परसाद हाय. कावळा शिवला तिला."

"आजी."

"पणज्याला नाय म्हनतोस? एवढा उन्हात आला तो तुझ्यासाठी."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं आता रोज दिसतं. मग ओंजळ पुढे केली, घोट घेतला, ओठ पुसले आणि खाली जाऊन वडे खाल्ले. सहा खाल्ले. मी मोजत होते, खूश होऊन.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. परत गेल्यावर संध्याकाळी गोलात बसला आणि म्हणाला, मी आज दारू घेतली, एक घोट. तपासणी बिपासणी काही नव्हती, कुणी विचारलं नव्हतं, तोंडाला वास नव्हता. गप्प बसला असता तर तीन आठवड्यांनी घरी. ताईंनी विचारलं, कुणी दिली? म्हणाला, "घेतली मी. दिली कुणी ते नका विचारू." आता ताईंना मंडळाला कळवणं भाग होतं. मी फोनवर रडून सांगितलं, ताई, मी दिली हो, मी म्हातारीने, मला धरा. ताई म्हणाली, आजी, मला माहीत होतं ते. पण कळवावं लागेल.

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग बोलला तो एवढंच, "बाटली मी आणली." सून पण मग म्हणाली, पानं मी पुसली. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलेलो, तो गोल झालाच म्हण की.

मंडळासमोर मी उभी राहिले. मला कुणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, मॅडम, आमच्यात असं असतं, पोराचा दोष नाही, मला काय शिक्षा करायची ती करा, ह्याला त्या दुसऱ्या जागेत पाठवू नका, माझा बाप तसल्याच जागेतून आला तो शेवटपर्यंत धड बोलला नाही. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही. कोर्टात एवढं ऐकतात हे मला ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, "आजी, तो कुठेच जात नाही. केंद्रातच राहील. पण पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने. सुट्टी नाही. आणि सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांची भेट नाही."

मी म्हटलं, "एका घोटाला सहा महिने?"

"ही शिक्षा नाही, आजी. घोट लहान होता. पण तुम्ही पुढे केलात आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. बाहेर त्याच्यापुढे हात करणारे तुमच्यापेक्षा वाईट लोक आहेत."

मी खाली बसले. आणि बाबा, मला तुझी कोंडी आठवली, मिठागरातला तो मीठ पिकवायचा चौकोनी वाफा. तू ठाण्याहून सुटून आलास, दिवाळीच्या आसपास, आणि येताना पनवेलच्या बाजारातून मला चपला आणल्यास. लाल पट्ट्याच्या. माझ्या पायापेक्षा चार बोटं मोठ्या, म्हणालास, पाय वाढतील. तुरुंगात दोर वळल्याचे पैसे होते ते, आयने नंतर सांगितलं. आमच्या आळीत कुठल्या पोरीच्या पायात चपला नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी त्या घालून भाकरी घेऊन मिठागरावर आले. तुम्ही सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओळीने चिखल तुडवत होतात, मीठ धरायच्या आधी तो तळ पायांनी दाबून दाबून दगडासारखा करायचा असतो ना, तो. होतच आला होता, चकाकत होता. आणि मी, चपला दाखवायच्या म्हणून, बांधावरून न येता सरळ मधून धावत आले. फटाक फटाक. मागे टाचांचे खड्डे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी माणसं थांबली. मला वाटलं आता तू मारणार. तू म्हणालास, "चपला हातात घे." मी घेतल्या. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, तेवढे खड्डे बुजवू. तू मान हलवलीस. एक भोक राहिलं तरी पाणी शिरतं, मीठ काळं होतं. तू जाऊन कोपऱ्यात उभा राहिलास, पाय मारलास आणि म्हणालास, "चला. कोपऱ्यापासून." मी बांधावर बसून दिवसभर बघत राहिले. मला कुणी आत घेईना. तिथे पण मी नुसती थांबलेच होते म्हणायची. मघाशी तुला म्हणाले, थांबायला मला कुणी शिकवलं नाही, ते खोटं.

निघायच्या आधी ताईंनी आम्हाला थोडा वेळ दिला, व्हरांड्यातल्या बाकावर. नातू रडलेला नव्हता. मी रडत होते, तोच माझी पाठ चोळत होता. मी म्हटलं, पोरा, गप्प बसायचं होतंस रे. तो म्हणाला, "गप्प बसलो असतो तर झोप लागली नसती. आता लागते." मग मला आठवलं म्हणून विचारलं, गच्चीवर कावळ्याला काय बोललास, आम्ही एवढं बोललो तर आला नाही. तो हसला. म्हणाला, "मी म्हटलं, पणजोबा, तुम्हीच प्या. माझ्या वाटची पण. मी नाही घेणार."

बाबा, तू तेवढ्यावर खाली आलास. तुला पटलं. आणि तू उडालास न उडालास तोच मी त्याला ओंजळ पुढे करायला लावली.

मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी पेल्यात नारळपाणी ठेवू. दिसायला तसंच, आणि सकाळी काढून ठेवलं तर दुपारपर्यंत आंबतं, वासही येईल, पणज्याला कळायचं नाय. तो एवढा मोठ्याने हसला की आतून शिपाई बाहेर आला. मग माझा हात धरून म्हणाला, "आजी, फसवायचं नाय. सांगायचं." आणि ताईबरोबर गेला. गाडीत बसताना डोकं आपटू नये म्हणून वाकला, एवढा उंच झालाय तो, मला तेव्हाच दिसलं.

म्हणून हे लिहिलं. पुढच्या वर्षीपासून तुझ्या पानावर पेला असेल, काठ चेपलेला तोच, पण त्यात पाणी असेल. पनवेलचं, नळाचं, क्लोरीनचा वास येणारं. नारळपाणी सुद्धा नाही. तू कोपऱ्यापासून सुरुवात करणारा माणूस आहेस, तुला समजेल, असं मी मनाला सांगतेय.

पाठवायचं कुठे, ते काही मला माहीत नाही. सकाळी हा कागद घेऊन गच्चीवर गेले होते. टाकीवर एक कावळा बसलेला होता, एकटाच. त्याला वाचून दाखवायचं म्हणून चष्मा लावला, घसा खाकरला. मग म्हटलं, वारा फार आहे. वारा नव्हता, बाबा. कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि खाली आले.